आजारी साक्षीदार : गोपाळ कृष्ण गोखले यांची १८९७ ची साक्ष आणि वक्त्याची तयारी

सार्वजनिक भाषणांचा अभ्यास आपल्याकडे प्रायः त्यांच्या छापील संहितेवरून केला जातो. भाषणात कोणते मत मांडले, त्याला आधार काय दिला, सरकारवर किंवा श्रोत्यांवर त्याचा परिणाम काय झाला, एवढे प्रश्न विचारून अभ्यासक पुढे जातो. भाषण करणारा त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होता, त्याची प्रकृती कशी होती, त्याच्या मनावर कसले दडपण होते, आणि त्या अवस्थेतही भाषण चांगले कसे झाले, ह्याची चौकशी बहुधा चरित्रकारावर सोपविली जाते. आणि चरित्रकार ती नायकाच्या मनोधैर्याची साक्ष म्हणून दोन ओळींत आटोपतो. ह्या रीतीने एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. दुखणे अंगावर असताना किंवा मन धास्तावलेले असताना उत्तम बोलणे हे मनोधैर्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, व्यवस्थेवर अवलंबून असते. आणि व्यवस्था ही इतिहासाच्या कक्षेतील वस्तू आहे. तिचा शोध कागदपत्रांतून घेता येतो.

ह्या दृष्टीने पाहण्यासारखे एक उदाहरण म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ व १३ एप्रिल १८९७ रोजी लंडन येथे वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष. साक्षीच्या वेळी गोखल्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. परदेशचा हा त्यांचा पहिलाच प्रवास होता. वाटेत झालेल्या अपघाताने त्यांच्या छातीला जबर मार बसला होता आणि डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली होती. असे असूनही ती साक्ष हिंदी पक्षाच्या उत्कृष्ट साक्षींपैकी एक ठरली.

शके १८१९ चा तो चैत्र महिना होता. त्या काळी महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने 'सभेत उभे राहून बोलणे' ह्याचा अर्थ काय होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय गोखल्यांच्या कामगिरीचे वेगळेपण कळणार नाही. उदाहरणादाखल परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव घ्यावे. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे व चैत्रातील यात्रेमुळे हे गाव प्रसिद्ध आहे. आज ते धाराशिव जिल्ह्यात मोडते. १८९७ साली ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इंग्रजी मुलखातील सोलापूर जिल्हा आणि त्यातील बार्शीची पेठ तेथून फार दूर नव्हती, परंतु मधल्या सरहद्दीमुळे राजकीय जीवनात मोठा फरक पडत असे. सार्वजनिक सभा, अर्ज, कायदेकौन्सिल, आयोग ह्या गोष्टी सरहद्दीच्या पश्चिमेस घडत होत्या. मराठवाड्यातील लोकांची महाराष्ट्र परिषद परतूर येथे भरली ती १९३७ साली, म्हणजे ह्या साक्षीनंतर चाळीस वर्षांनी. सोनारीसारख्या गावात लोकांसमोर उभा राहणारा माणूस म्हणजे कीर्तनकार, गोंधळी, शाहीर किंवा पुराणिक.

ह्या परंपरागत कलांची एक बाजू येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांपैकी बहुतेकींत वक्ता एकटा नसतो. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी व मृदंगी उभे असतात. त्याचा श्वास चढला, आवाज बसला किंवा पुढचा चरण आठवेना, तर टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात, नामघोष होतो, आणि तेवढ्या अवकाशात कीर्तनकार सावरतो. गोंधळ्याला संबळ व तुणतुण्याची साथ असते. शाहिराच्या कडव्याअखेर झिलकरी सूर धरतात. तमाशात सोंगाड्या प्रसंग लांबवू शकतो. यात्रेच्या दिवसांत रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांत दमलेला, तापाने फणफणलेला किंवा पहिल्यांदाच उभा राहिलेला कलावंत निभावून जातो त्याचे कारण हे आहे की त्या प्रकारांच्या रचनेतच विसाव्याच्या जागा ठेवलेल्या असतात. ही सोय कोणी जाणीवपूर्वक केली असे म्हणता येणार नाही. शतकानुशतकांच्या वहिवाटीने ती तयार झाली. पण ती होती, आणि मराठी श्रोता व वक्ता दोघेही तिला सरावलेले होते.

आयोगापुढील साक्षीदाराला असला कोणताही आधार नसतो. तो एका बाजूला, प्रश्न विचारणारे दुसऱ्या बाजूला. भाषा परकी, विषय आकड्यांचा, आणि प्रत्येक उत्तर लघुलेखक टिपून घेणार. अडखळलेल्या शब्दावर ध्रुवपदाचे पांघरूण घालणारा तेथे कोणी नाही. गोखल्यांना आपले टाळकरी आधीच, आणि दुसऱ्या प्रकारे, जमवावे लागले.

आयोगाची थोडी पार्श्वभूमी देणे अवश्य आहे. हिंदुस्थानच्या कारभाराचा खर्च आणि त्या खर्चाची इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील वाटणी तपासण्यासाठी १८९५ साली हा राजकीय आयोग नेमण्यात आला. लॉर्ड वेल्बी हे त्याचे अध्यक्ष. दादाभाई नौरोजी हे सभासद होते. सर विल्यम वेडरबर्न व डब्ल्यू. एस्. केन हे हिंदी लोकांच्या बाजूचे दोन इंग्रज सभासदही त्यात होते. बाकीचे मंडळ सरकारी विचारांकडे झुकणारे होते. हिंदुस्थानातून साक्षीसाठी मुंबईचे दिनशा वाच्छा, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि पुण्याचे गोखले असे चौघे गेले. गोखले गेले ते डेक्कन सभेच्या वतीने. ही संस्था न्यायमूर्ती रानड्यांनी १८९६ साली स्थापन केली होती. कारण त्याच्या आदल्या वर्षी सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली होती. म्हणजे पुण्यातील एका पक्षाची सारी प्रतिष्ठा ह्या तरुण प्राध्यापकाच्या साक्षीत गुंतली होती. रानडे स्वतः न्यायाधीश असल्यामुळे ते जाऊ शकत नव्हते. गोखल्यांच्या मनावरील दडपणाचे हे एक कारण समजावे.

मार्च १८९७ मध्ये गोखले व वाच्छा एकत्र निघाले. फ्रान्समधून जाताना कॅले येथे झालेल्या अपघातात गोखल्यांच्या छातीला मार बसला. त्यांनी ही गोष्ट तत्काळ कोणाला सांगितली नाही. लंडनला पोचल्यावर वेदना वाढल्या, तेव्हा वाच्छांना ते कळले व डॉक्टर बोलावण्यात आला. हृदयास इजा पोचल्याचे निदान झाले आणि अंथरुणावर पडून राहण्याची सक्त ताकीद मिळाली. काँग्रीव्ह नावाच्या एका इंग्रज बाईंनी ह्या काळात त्यांची शुश्रूषा केली. त्यातून उठून गोखले आयोगापुढे गेले.

गोखल्यांच्या चरित्रांतून ही हकीकत सहनशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते सर्वस्वी खरे मानता येत नाही. दुखापत लपविण्यात सहनशीलता असेल, पण त्याबरोबर संकोच होता आणि भीतीही होती. सोबत्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये हा संकोच. आणि आपण आजारी आहोत असे कळले तर आपल्याला साक्षीस बसू देणार नाहीत ही भीती असणे अगदी संभवनीय आहे. ह्या लपविण्यामुळे उपचारास विलंब झाला आणि जीव धोक्यात आला. साक्ष चांगली झाली ती दुखापत लपविल्यामुळे नव्हे. ती प्रकट झाल्यावर जी विश्रांती मिळाली, आणि दुखापतीच्या पुष्कळ आधी जे काम पूर्ण झाले होते, त्यामुळे ती चांगली झाली. शौर्याच्या कथेत हा क्रम उलटा होतो.

आता त्या आधीच्या कामाकडे वळावे. आयोगाची पद्धत अशी होती की साक्षीदाराने आपले म्हणणे लेखी निवेदनाच्या रूपाने द्यावे आणि मग त्यावर तोंडी प्रश्न व्हावेत. आजारी साक्षीदाराच्या दृष्टीने ह्या पद्धतीचे महत्त्व मोठे आहे. साक्षीचा गाभा निवेदनात बंदिस्त झालेला असतो. त्या दिवशी प्रकृतीने दगा दिला तरी निवेदन जागच्या जागी राहते. गोखल्यांच्या निवेदनाचे तीन भाग होते. खर्चावरील नियंत्रणाची यंत्रणा, खर्चाची वाढ, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील खर्चाची वाटणी हे ते तीन विषय. लष्करी खर्च, विलायतेत दरसाल द्यावी लागणारी रक्कम, रुपयाच्या हुंडणावळीतील तोटा, वरिष्ठ जागांवरील युरोपियनांचा भरणा हे सारे मुद्दे त्यांत आकड्यांसह मांडले होते. परकीयांच्या हाती सर्व अधिकार राहिल्याने हिंदी माणसाची कर्तबगारी खुरटते, हा नैतिक मुद्दाही गोखल्यांनी त्यात घातला. आकड्यांच्या रानात तो एकच मुद्दा आकड्यांवाचून उभा आहे आणि म्हणूनच तो अधिक लक्षात राहतो.

हे आकडे आले कोठून? त्याचे उत्तर पुण्यापेक्षा सोलापुरात सापडते. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शिक्षणखात्यातील शिक्षक. सोलापूरच्या हायस्कुलाचे ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि तक्ते ह्यांचा त्यांच्याइतका अभ्यास त्या काळी फार थोड्या हिंदी माणसांनी केला असेल. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे अर्थविषयक लेख प्रसिद्ध होत. सरकारी नोकरीमुळे ते व्यासपीठावर येऊ शकत नसत. रानडे व जोशी ह्या दोघांच्या हाताखाली गोखल्यांचे शिक्षण झाले. रानड्यांनी दहाएक वर्षे त्यांच्याकडून अर्जांचे मसुदे करवून घेतले, ते खोडले, पुन्हा लिहविले. आकडे जोशांनी पुरविले व तपासले. साक्षीनंतर गोखल्यांनी यशाचे श्रेय ह्या दोघांकडे दिले ते शिष्टाचार म्हणून नव्हे. वस्तुस्थितीच तशी होती. ज्या सोलापूर भागात ही तयारी झाली त्याच भागात, बार्शी रोड ते बार्शी ही अरुंद मापाची लोहगाडी १८९७ सालीच सुरू झाली, आणि लोहमार्गांवर होणारा खर्च हाच साक्षीतील एक वादाचा विषय होता, हा योगायोग नमूद करावासा वाटतो. सोनारीच्या यात्रेस पश्चिमेकडून येणाऱ्या माणसाला ती गाडी उपयोगी पडली असेल. गोखल्यांचे म्हणणे एवढेच होते की पाटबंधाऱ्यांना व शिक्षणाला मागे ठेवून लोहमार्गांवर पैसा ओतू नये.

तयारीचा दुसरा भाग स्मरणाचा. गोखले विद्यार्थिदशेपासून इंग्रजी ग्रंथांतील लांब उतारे पाठ करीत. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे नाना विषय शिकविले आणि अंकगणितावर पाठ्यपुस्तक लिहिले. शिक्षक म्हणून रोज वर्गापुढे उभे राहणे, अवघड प्रश्नाचे उत्तर पायरीपायरीने मांडणे, ही सवय बारा वर्षांची होती. पाठांतराला आज कमी लेखले जाते. परंतु अंगात ताप असलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाची विचारशक्ती जेव्हा मंदावते तेव्हा पाठ केलेली वस्तू ही त्याच्या हातची काठी असते. विचार करण्याचे श्रम आधीच झालेले असतात. उरते ते फक्त उच्चारण. गोखले स्वभावाने हळवे आणि मानापमानाला लवकर दुखावणारे होते, हे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. अशा माणसाने ऐनवेळच्या स्फूर्तीवर विसंबून न राहणे हेच शहाणपणाचे होते.

साक्षीच्या दोन दिवसांत सरकारी बाजूच्या सभासदांनी गोखल्यांची कसून तपासणी केली. प्रश्नोत्तरे वाचताना एक गोष्ट जाणवते. गोखले उत्तराला सीमा घालतात. जे कागदाने सिद्ध होते तेवढे ठामपणे सांगतात. मतभेदाच्या जागी ते मत आहे असे स्पष्ट करतात. अपुऱ्या प्रकृतीचा माणूस लांबण लावू शकत नाही, हेही कदाचित त्यांच्या पथ्यावर पडले असेल. वेडरबर्न व केन यांनी त्यांचे मनापासून अभिनंदन केले. आयोगाचा अहवाल १९०० साली बाहेर आला. बहुमताच्या शिफारशींत हिंदी लोकांच्या पदरात फारसे काही पडले नाही, आणि दादाभाई, वेडरबर्न व केन यांना वेगळे मत नोंदवावे लागले. तेव्हा साक्ष यशस्वी झाली असे म्हणताना, ती कोणत्या अर्थाने यशस्वी झाली हे सांगितले पाहिजे. तिने धोरण बदलले नाही. सरकारी तक्ते सरकारवरच उलटविता येतात आणि तीस वर्षांचा हिंदी मनुष्य ते करू शकतो, एवढे तिने दाखविले.

ह्यानंतर जे घडले ते पहिल्या प्रसंगाशी ताडून पाहण्यासारखे आहे. गोखले अजून इंग्लंडमध्येच होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोल्जरांकडून घरे तपासली जात होती, लोक संतप्त झाले होते, आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोखल्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांत सोल्जरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याची हकीकत होती. गोखल्यांनी ती 'मँचेस्टर गार्डियन' ह्या पत्रातून व पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे सांगितली. सरकारने पुरावा मागितला. पुरावा म्हणजे ती पत्रे. पण पत्रलेखकांची नावे उघड केली तर त्यांच्यावर संकट येणार, आणि त्यांपैकी कोणी पुढे येऊन शपथेवर सांगावयास तयार नाही. हिंदुस्थानात परत आल्यावर ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची निर्भर्त्सना झाली आणि पुढील एकदोन वर्षे त्यांना सार्वजनिक जीवनात मान वर करणे कठीण गेले.

एप्रिलमधील गोखले आजारी होते, जुलैमधील गोखले त्या मानाने बरे होते. एप्रिलमध्ये प्रतिकूल प्रश्नकर्ते समोर होते, जुलैमध्ये सहानुभूतीचा श्रोता. तरीही फसले ते जुलैचे बोलणे. एप्रिलमधील प्रत्येक वाक्यामागे सोलापूरच्या जोशांनी पडताळलेला आकडा होता. जुलैमधील वाक्यांमागे विश्वासू पण नाव सांगता न येण्यासारखा माणूस होता. ती हकीकत खोटी होती असे ह्यावरून सिद्ध होत नाही. प्लेगच्या तपासणीतील जाच हे त्या काळातील पुष्कळ कागदांत नमूद झालेले सत्य आहे. प्रश्न होता तो सिद्ध करण्याच्या साधनांचा. संतापाच्या भरात मनुष्याची भीती नाहीशी होते, आणि भीतीबरोबर तयारीची निकडही जाते. गोखल्यांच्या बाबतीत भीती ही शत्रूपेक्षा रखवालदारासारखी वागली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

गोखल्यांचे पुनरागमन हळूहळू झाले. १८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले. फिरोजशहा मेहतांनी प्रकृतीच्या कारणाने वरिष्ठ कायदेकौन्सिल सोडल्यावर ती जागा गोखल्यांना मिळाली, आणि २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास लॉर्ड कर्झनच्या अध्यक्षतेखाली त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. १८९२ च्या कायद्याप्रमाणे सभासदांना अंदाजपत्रकावर चर्चा करता येई. ठराव आणता येत नसे की मत देता येत नसे. अंदाजपत्रक हाती आल्यापासून चर्चेपर्यंत अवधी थोडा. बहुतेक हिंदी सभासद शिलकीबद्दल सरकारचे अभिनंदन करून बसत. येथेही गोखल्यांनी आधी जोशांशीच विचारविनिमय केला होता. शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, हा त्या भाषणाचा मुख्य मुद्दा. मिठावरील कर १९०३ मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. प्राप्तीवरील कराची माफमर्यादा १९०३ मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सर्व एका भाषणाचे फळ असे म्हणणे अनैतिहासिक होईल; दरसाल त्याच मुद्द्यांचा पिच्छा पुरविणे आणि सरकारी तिजोरीतील शिल्लक ह्या दोन्ही गोष्टी त्यामागे होत्या. पण वेल्बी आयोगापुढे बनलेली पद्धत येथे पूर्णपणे वापरली गेली हे निश्चित.

शरीर अगदीच साथ देईनासे झाले तर काय करावयाचे? ह्यासाठी त्या पिढीने एक उपाय रूढ केला होता, आणि त्यातही गोखल्यांचा वाटा आहे. डिसेंबर १९०० मध्ये लाहोर येथे सामाजिक परिषद भरणार होती. ही परिषद म्हणजे रानड्यांचे अपत्य. तिच्या अधिवेशनासाठी ते दरवर्षी लांबचा प्रवास करीत. ह्या वेळी हृदयविकार बळावला व डॉक्टरांनी जाण्यास मनाई केली. रानड्यांनी वसिष्ठ व विश्वामित्र ह्या विषयावरील आपले भाषण लिहून पाठविले आणि लाहोरला ते गोखल्यांनी वाचले. त्यानंतर महिन्याच्या आत, १६ जानेवारी १९०१ रोजी, रानडे निवर्तले. सहा वर्षांनी, डिसेंबर १९०६ मध्ये, कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष दादाभाई नौरोजी होते. वय एक्क्याऐंशी, आवाज क्षीण. स्वराज्याचा उच्चार ज्या भाषणामुळे काँग्रेसच्या व्यासपीठावर प्रतिष्ठित झाला ते भाषण प्रत्यक्षात गोखल्यांनी वाचून दाखविले. हजारो प्रतिनिधींच्या कानावर दादाभाईंचे शब्द पडले ते गोखल्यांच्या आवाजात. पक्षभेद तीव्र झालेल्या त्या वर्षी नेमस्त गोखल्यांच्या तोंडून ते शब्द ऐकताना जहालांना काय वाटले असेल ह्याची कल्पना करणे मनोरंजक आहे.

लेखी संहितेवर विसंबणारी ही पद्धत सर्वांची नव्हती. लोकमान्य टिळकांचा १९०८ चा खटला हे त्याचे ठळक उदाहरण. टिळकांना २४ जून रोजी अटक झाली. जामीन नाकारण्यात आला. मधुमेह जडलेला होता. आणि १३ जुलैला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला उभा राहिला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. सहा दिवसांत मिळून त्यांचे भाषण एकवीस तास दहा मिनिटे चालले. येथे शरीराची काटकसर करण्याचा विचारच नाही. 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ह्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरातील चुका एकेक शब्द घेऊन त्यांनी दाखविल्या; राजद्रोहाच्या कायद्याचा इतिहास मांडला; बाँबगोळ्यांविषयी इतर वृत्तपत्रांनी काय लिहिले ते वाचून दाखविले. नऊ ज्यूरर, त्यांपैकी सात युरोपियन व दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी व हजार रुपये दंड. हे २२ जुलैच्या रात्री झाले. दुसरे दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मराठी शब्दांचा अर्थ मराठी जाणणाऱ्यालाच कळतो हा टिळकांचा मुद्दा ज्यूरीतील बहुसंख्यांच्या बाबतीत शब्दशः खरा होता. कोठडीतून उठून रोज तीन-चार तास बोलण्याची ताकद त्यांना कोठून मिळाली ह्याचे उत्तर देताना त्यांच्या निर्भय स्वभावाचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. परंतु वकिलीचा अभ्यास, १८९७ च्या खटल्याचा अनुभव आणि आपणच लिहिलेल्या मजकुरावर बोलावयाचे आहे ही सोय, ह्यांची गणना त्यात झाली पाहिजे. टिळकांना आकडे उसने आणावयाचे नव्हते. गोखल्यांची पद्धत दुबळ्या प्रकृतीला व भित्र्या मनाला अधिक सोयीची, तर टिळकांची पद्धत अशांना न पेलणारी, एवढा भेद मान्य करावा. त्यावरून दोघांच्या योग्यतेची तुलना करणे अप्रस्तुत होय.

मधुमेहाने गोखल्यांनाही गाठले होते. ऑक्टोबर १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा प्रकृती नाजूक होती. गांधीजींनी त्या दौऱ्याचे वर्णन आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाच्या इतिहासात केले आहे. प्रिटोरियास बोथा व स्मट्स ह्या मंत्र्यांची भेट ठरली, तेव्हा गोखल्यांनी गांधीजींकडून हिंदी लोकांवरील निरनिराळ्या वसाहतींतील कायद्यांचा गोषवारा तयार करवून घेतला, रात्री उशिरापर्यंत जागून तो वाचला, आणि आपल्याला तो नीट समजला आहे की नाही हे गांधीजींना उलटसुलट प्रश्न विचारून तपासले. सोलापूरचे जोशी १९११ साली वारले होते. १९१२ सालीच त्यांचे लेख व भाषणे पुण्यास ग्रंथरूपाने निघाली. आता त्यांची जागा त्या रात्रीपुरती गांधीजींनी घेतली होती. ह्याच दौऱ्यात गांधीजींच्या आग्रहावरून गोखले कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू श्रोत्यांपुढे मराठीत बोलू लागले आणि गांधीजी हिंदुस्थानीत भाषांतर करू लागले. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानाविषयी गोखल्यांनी आधी थट्टा केली. पण मग परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत हीच रीत चालली. मातृभाषेत बोलताना, पाठीशी भाषांतरकार असताना, प्रत्येक वाक्यानंतर विसावा मिळत असताना, आजारी गोखल्यांना किती हलके वाटले असेल! कीर्तनातील टाळकऱ्यांची सोय त्यांना इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, अशा रीतीने मिळाली.

त्याच वर्षी सरकारी नोकऱ्यांविषयी लॉर्ड इज्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला आणि गोखले त्याचे सभासद झाले. १८९७ साली ज्या बाजूस बसून त्यांनी उत्तरे दिली होती तिच्या समोरच्या बाजूस ते आता बसले. हिंदुस्थानात व इंग्लंडमध्ये आयोगाच्या बैठका झाल्या; साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचे काम गोखल्यांनी डॉक्टरांचा सल्ला बाजूस सारून चालू ठेवले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. आयोगाचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांची सही नाही.